कॅबिनेटमधला आवाज की भिंतीतली वीज? तपासणी कुठून सुरू करावी

रोहित्र

संगणकाची लक्षणे तीन आहेत. टेबलाखालून मधूनच 'टक्' होऊन दोनतीन सेकंद 'गुर्रर्र' असा दबका आवाज येतो. त्याच सुमारास खोलीतला एलईडी दिवा क्षणभर मंद होतो. आणि आठवड्यातून एकदोनदा मशीन आपोआप रिस्टार्ट होते. निळा स्क्रीन येत नाही, एरर दिसत नाही.

मांडणी अशी: ५५० वॅटचा एसएमपीएस (संगणकाच्या भागांना वीज पुरवणारा डबा), ६०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर) लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस (वीज गेली की बॅटरीवर सरकणारा आणि व्होल्टेज घसरले तर ते सावरणारा), एक एसएसडी, एक ७२०० आरपीएमची हार्ड डिस्क, १२० मिमीचे दोन पंखे. पुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ.

अशा वेळी पहिला सल्ला हमखास "एसएमपीएस बदला" असा येतो. मला तो घाईचा वाटतो. आधी आवाजाला नेमके नाव द्यावे, मग मीटर लावावा, आणि स्क्रूड्रायव्हर अगदी शेवटी हातात घ्यावा. पण तिन्ही लक्षणांचे मूळ एकच धरायचे की हे वेगवेगळे बिघाड आहेत? जाणकारांनी आपला क्रम कारणांसकट लिहावा.

निळीठिणगी

क्रमात पहिली पायरीच राहिली आहे. हार्ड डिस्क असलेल्या मशीनमधून कुठलाही नवा आवाज आला की आधी बॅकअप, बाकी सगळे नंतर. टक लावून बघत बसण्याआधी टकटक ऐका. :)

पंखापाते

निळीठिणगी यांच्याशी सहमत. आता नावाकडे येतो. आवाजांसाठी मराठीत इतके शब्द आहेत की नीट वापरले तर निम्मे निदान तिथेच होते.

'टिकटिक', आणि पंख्याचा वेग वाढला की तीही वाढते: पात्याला वायर घासते आहे. बंद करून वायर झिप टायने बांधा, काम संपले.

'घरघर', थंड मशीन सुरू केल्यावर येते आणि पाचदहा मिनिटांत विरते: स्लीव्ह बेअरिंगमधले तेल आटले आहे. मागचे स्टिकर सोलून रबरी बूच असल्यास शिवणयंत्राच्या हलक्या तेलाचा एक थेंब, फार तर दोन. गंज सोडवायचे पातळ स्प्रे वापरू नका. ते उडून जातात आणि उरलेले वंगणही धुऊन नेतात. बॉल बेअरिंगचा पंखा घरघरू लागला तर सरळ बदलावा, तिथे तेलाचा उपयोग नाही.

'कुईं' किंवा 'चिंईं', गेम चालू केला की येते, मेन्यूवर सर्वांत जास्त, साधे पान स्क्रोल करतानाही बदलते: ही कॉइलची शिट्टी. ग्राफिक्स कार्डाच्या पॉवर भागातल्या कॉइल्स बदलत्या करंटमुळे थरथरतात. मेन्यूवर कार्ड सेकंदाला हजारेक फ्रेम काढत सुटते, म्हणून शिट्टी तिथे कर्कश होते. फ्रेमची मर्यादा ६० ते १२० वर ठेवा, बहुतेक वेळा पुरते. हा बिघाड नव्हे.

'गुळगुळ', पाण्याच्या कूलरमधून: पंपात हवा अडकली आहे. पंप हा लूपमधला सर्वांत उंच भाग असता कामा नये. रेडिएटरचे वरचे टोक पंपापेक्षा उंच हवे, म्हणजे हवा तिथे जाऊन बसते.

पंख्यावर संशय असेल तर मशीन बंद करून त्याची पिन काढा आणि दोन मिनिटे चालवून ऐका. हे कॅबिनेटच्या पंख्यापुरतेच. सीपीयूच्या पंख्यावर हा प्रयोग करू नये.

दशांश

पंखापाते यांच्या शब्दांना आकड्यांची जोड देतो. फोनवर स्पेक्ट्रम दाखवणारे कुठलेही ॲप घ्या आणि शिखर किती हर्ट्झवर आहे ते बघा.

७२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला १२० फेरे घेते, म्हणजे १२० हर्ट्झ. ५४०० ची ९० हर्ट्झ. १२०० आरपीएमवर फिरणारा सात पात्यांचा पंखा: सेकंदाला २० फेरे गुणिले ७, म्हणजे १४० हर्ट्झ. ५० हर्ट्झच्या विजेवर ट्रान्सफॉर्मरची गुणगुण १०० हर्ट्झला येते, कारण लोखंडी गाभा प्रत्येक आवर्तनात दोनदा ताणला जातो. ६० हर्ट्झचा पुरवठा असेल तर ती १२० ला येते आणि ७२०० च्या डिस्कशी गल्लत होते. तेव्हा डिस्कची पॉवर वायर काढून बघणे हाच मार्ग.

'वूँऽऽ वूँऽऽ' असा चढउतार ऐकू येत असेल तर तो बहुतेक वेळा दोन पंख्यांचा मिळून असतो. एक १२०० वर आणि दुसरा १२३० वर असेल तर १४० आणि १४३.५ हर्ट्झ एकमेकांत मिसळून सेकंदाला साडेतीन वेळा आवाज फुगतो. पंखे बदलायची गरज नाही. बायोसमध्ये दोघांच्या वेगात १५०-२०० आरपीएमचे अंतर ठेवा.

जागा शोधायला पुठ्ठ्याची नळी उत्तम. एक टोक कानाला, दुसरे हळूहळू फिरवा. कॅबिनेट उघडे आणि चालू असेल तर धातूची कांडी आत घालू नका.

तांब्याचीतार

सगळे कॅबिनेटमध्येच शिरलेत! धागाकर्त्याने दिवा मंद होतो असे लिहिले आहे. दिव्याला ना बेअरिंग ना कॉइलची शिट्टी. दिवा आणि संगणक यांच्यात समान आहे ती फक्त वायर. माझा क्रम उलटा: भिंत, मग यूपीएस, मग कॅबिनेट.

भिंतीची तपासणी, मीटर ७५० व्होल्ट एसीच्या रेंजवर ठेवून:

फेज ते न्यूट्रल. २३० च्या पुरवठ्यात २०७ ते २५३ ठीक.
फेज ते अर्थ. जवळजवळ तेवढेच हवे.
न्यूट्रल ते अर्थ. लोड असताना एकदोन व्होल्ट. पाचाच्या वर गेले तर न्यूट्रलच्या वाटेत कुठे तरी रोध आहे. लोड असूनही ठार शून्य दिसले तर मागे कोणी न्यूट्रल आणि अर्थ जोडून ठेवल्याचा संशय घ्या. ते धोक्याचे आहे.

मग खरी चाचणी. त्याच सॉकेटच्या सर्किटवर २००० वॅटचा हीटर किंवा किटली लावा आणि व्होल्टेज किती पडते ते बघा. नुसते रिकामे रीडिंग फसवते. निखळत आलेल्या जोडावरही बिनलोडाचे २३० दिसतात, कारण मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही.

शांतघर

टेस्टर पेटतो म्हणजे वीज बरोबर, असे धरून चालत नाही का?

तांब्याचीतार

@शांतघर, नाही. निऑन टेस्टर काही मायक्रोअँपिअरवर पेटतो. वायरचा एकच तंतू टेकलेला असला तरी पेटेल. न्यूट्रल आणि अर्थ यांबद्दल तर तो काहीच सांगत नाही.

निळीठिणगी

डिस्कबद्दल थोडे अजून, कारण इथे चुकले तर परत मिळत नाही. ठरावीक लयीत 'टक्… टक्… टक्' आणि सोबत एक्सप्लोरर अडकणे: तबकडी वाचणाऱ्या हेड्सना जागा सापडत नाही, म्हणून त्यांना धरणारा हात पुन्हा पुन्हा मूळ जागी परततो आहे. अडीच इंची डिस्क बारीक 'बीप' करून थांबत असेल तर मोटर अडकली आहे किंवा यूएसबीतून करंट पुरत नाही. आधी दुसरी, आखूड केबल लावून बघा.

स्मार्टमध्ये, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवते त्या तब्येतीच्या नोंदीत, चार आकडे बघायचे. ०५, बदली दिलेले सेक्टर. सी५, वाचता न येणारे आणि निर्णय राहिलेले. सी६, दुरुस्त न झालेले. सी७ वाढत असेल तर बहुतेक वेळा दोष डिस्कचा नसून तिला मदरबोर्डशी जोडणाऱ्या साटा केबलचा असतो. सी५ शून्याच्या वर गेला की त्या डिस्कवर नवे काहीही लिहू नका. डीडीरेस्क्यू या बिघडलेल्या डिस्क वाचवणाऱ्या प्रोग्रामने नकला पाडताना पहिला फेरा अडलेल्या जागा सोडून पुढे जाणारा करा आणि हट्टी सेक्टरांवर नंतर या. डिस्क फ्रीजमध्ये ठेवण्याचा जुना सल्ला विसरा. बाहेर काढल्यावर तबकडीवर दव धरते.

दिवसातून दोनचारदा येणारा एकच हलका 'टक्' मात्र हेड पार्क होण्याचा. त्यात काळजी नाही.

मापन

रिस्टार्टबद्दल. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ दिसेल आणि लोक लगेच "बघा, पॉवर!" म्हणतील. ४१ चा अर्थ एवढाच की मागच्या वेळी मशीन रीतसर बंद झाले नव्हते. वीज गेली, मशीन गोठले किंवा कोणी बटण दाबून धरले, तिन्हीला ४१ च येतो. त्याच्या आधीच्या मिनिटात डब्ल्यूएचईएची (विंडोजने टिपलेल्या हार्डवेअरच्या चुकीची) नोंद असेल तर सीपीयू, रॅम किंवा ग्राफिक्स कार्डाकडे वळा. काहीच नसेल तर पुरवठ्याकडे.

एसएमपीएस मोजायचाच असेल तर लोडवर मोजा. १२ व्होल्टची लाइन ११.४० ते १२.६०, ५ ची ४.७५ ते ५.२५, ३.३ ची ३.१४ ते ३.४७. हिरवी आणि काळी वायर क्लिपने जोडून पंखा फिरवणे ही चाचणी फक्त "चालू होतो" एवढेच सांगते. मल्टिमीटर सरासरी दाखवतो, काही मिलिसेकंदांचा खड्डा त्यात दिसतच नाही. म्हणून आकडे बरोबर आले तरी एसएमपीएस निर्दोष ठरत नाही. आकडे चुकले तर मात्र दोषी ठरतो.

पंखापाते

आणि एसएमपीएस उघडायचा नाही, हे इथे ठळक लिहून ठेवू या. पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारे सर्किट) असलेल्या युनिटमध्ये मोठ्या कपॅसिटरवर ३८० व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो.

शांतघर

थोडे विषयांतर. स्पीकरमधून सतत 'हूँऽऽ' येते, आणि माउस हलवला की 'चर्रर्र'. हाही विजेचाच प्रश्न का?

दशांश

दोन वेगळी कारणे. सतत 'हूँऽऽ' म्हणजे ग्राउंड लूप. संगणक एका सॉकेटवर, ॲम्प्लिफायर दुसऱ्यावर, दोन्हींच्या अर्थमध्ये थोडा फरक, आणि तो ऑडिओ केबलच्या जाळीतून वाहतो. दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या. नाही गेले तर ऑडिओ वायरमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बघा, आवाज थांबला तर निदान पक्के. माउसची 'चर्र' ही मदरबोर्डवरच्या ध्वनिभागात शिरलेली गडबड. आधी पुढच्या पॅनलऐवजी मागचा जॅक वापरा, मग यूएसबी डॅक (संगणकाबाहेरचे साउंड कार्ड).

गाणे चालू असताना मधूनच 'तडतड' होत असेल तर ते ड्रायव्हरचे काम. लेटन्सीमॉन चालवून कोणता ड्रायव्हर अडवतो ते बघा.

तांब्याचीतार

त्यावर एक कळकळीची विनंती: गुणगुण घालवण्यासाठी अर्थची पिन कापू नका. आवाज जातो आणि संरक्षणही जाते. एसएमपीएसच्या आत फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ असे दोन छोटे कपॅसिटर असतात. अर्थ तुटली की कॅबिनेट त्या दोघांच्या मधोमध लोंबकळते. मीटरवर ११० ते ११५ व्होल्ट दिसतात आणि हाताला मुंग्या येतात. करंट एका मिलिअँपिअरच्या आसपास, म्हणून सहसा इजा होत नाही. पण उद्या आतली फेज खरोखर कॅबिनेटला टेकली तर तिला परत जायला वाट उरलेली नसते. पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर समजा, अर्थ पोचत नाही.

मापन

याच गळतीमुळे एका आरसीसीबीवर (करंट गळू लागला की वीज तोडणाऱ्या स्विचवर) आठदहा संगणक ठेवले की तो विनाकारण पडतो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी १५ ते ३० च्या मध्ये कुठेही पडू शकतो आणि प्रत्येक संगणक एकदोन मिलिअँपिअर गळवतो. उपाय आरसीसीबी काढणे हा नाही, सर्किटे वाटून घेणे हा आहे.

निळीठिणगी

विषयांतरात माझीही एक भर. खुर्चीवरून उठताना मॉनिटर सेकंदभर काळा होतो, अशी तक्रार अधूनमधून येते. गॅस लिफ्टच्या खुर्चीत स्थितिज विद्युत साठते, उठता-बसता तिचा झटका हवेतून डिस्प्ले केबलमध्ये शिरतो. चांगल्या जाळीची, आखूड केबल लावा.

रोहित्र

सगळ्यांचे आभार. बॅकअप घेतला. स्मार्टचे चारही आकडे शून्य. ४१ च्या आधी डब्ल्यूएचईए नाही. पुठ्ठ्याच्या नळीने ऐकले तर आवाज कॅबिनेटचा नाहीच, शेजारच्या यूपीएसचा आहे, शिखर १०० हर्ट्झवर. हीटरची चाचणी: लोडशिवाय २१४ व्होल्ट, हीटर लावल्यावर १९९. दिवा मंद होण्याला लय आहे: लेझर प्रिंटर वापरून झाल्यावर काही वेळ दर मिनिटाला एकदा तरी, मग थांबते. प्रिंटर यूपीएसवरच आहे.

तांब्याचीतार

आता चित्र उलगडले. 'टक्' हा यूपीएसचा रिले. व्होल्टेज खाली गेले म्हणून तो बूस्टवर, म्हणजे व्होल्टेज वाढवून देण्यावर, गेला. 'गुर्रर्र' हा त्याचा ट्रान्सफॉर्मर. आणि व्होल्टेज खाली ओढतो तो प्रिंटरचा फ्यूजर. कागदावर पावडर वितळवणारा तो रोलर गरम राखण्यासाठी प्रिंटर अधूनमधून सेकंदभर ६०० ते १००० वॅट ओढतो.

हिशेब करू. २००० वॅटचा हीटर २३० वर, म्हणजे रोध साधारण २६.५ ओहम. १९९ व्होल्टवर तो ७.५ अँपिअर ओढतो. पडले १५ व्होल्ट. १५ भागिले ७.५, म्हणजे वाटेत २ ओहम. १.५ चौरस मिमीच्या तांब्याच्या वायरला मीटरमागे साधारण ०.०११५ ओहम. बोर्डापासून २० मीटर धरले तर जाऊन-येऊन ४० मीटरचे ०.४६ ओहम. म्हणजे साडेतीन व्होल्ट वायरीत जाणे रीतीचे आहे. उरलेले साडेअकरा कुठे जातात ते शोधायचे.

बोर्ड न उघडता शोधता येते. हीटर आहे तिथेच चालू ठेवा आणि दुसऱ्या एमसीबीवरच्या (बोर्डातल्या आपोआप पडणाऱ्या स्विचवरच्या), काहीही न लावलेल्या सॉकेटवर मोजा. त्या वायरीतून करंट जात नाही, म्हणून तिथे दिसते ते सरळ मुख्य बोर्डावरचे व्होल्टेज. तिथेही १५ पडले तर बिघाड मीटरच्या बाजूला किंवा बाहेर. तिथे थोडेच पडले तर तुमच्या याच सर्किटमध्ये.

रोहित्र

दुसऱ्या सर्किटवर २१४ चे २१० होतात. वायर २० मीटरच्या आतबाहेर.

तांब्याचीतार

म्हणजे चार व्होल्ट बाहेर, अकरा घरात. त्यातले साडेतीन तांब्याचे. उरले साडेसात व्होल्ट, एक ओहम. साडेसात गुणिले साडेसात, ५६ वॅट. दोन सोल्डरिंग आयर्न भिंतीत किंवा सॉकेटच्या मागे पेटलेल्या आहेत असे समजा. आजपासून त्या सर्किटवर हीटर, इस्त्री, प्रिंटर काही नाही.

बघायच्या जागा: ज्याचा प्लग हाताला गरम लागतो तो सॉकेट, पिवळट पडलेले प्लास्टिक, जंक्शन बॉक्समधले नुसते पिळून टेप लावलेले जोड, एमसीबीखालचा आणि न्यूट्रल पट्टीवरचा स्क्रू. मेन बंद करूनच, आणि बोर्डाचे काम वायरमनने. काळी पडलेली वायर पुन्हा त्याच स्क्रूखाली कसून उपयोग नाही. चकचकीत तांबे लागेपर्यंत कापून नवीन टोक करावे, आणि सॉकेटची पितळी पकड निळीकाळी झाली असेल तर सॉकेटच बदलावा.

मापन

मग रिस्टार्टचे कारण यूपीएस ठरते. ६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॅट. मेनवर असताना प्रिंटरचा सेकंदभराचा भार तो वीज सरळ पुढे सोडून निभावून नेतो. पण त्याच सेकंदात खड्डा खोल गेला आणि यूपीएस बॅटरीवर सरकला, तर संगणक आणि फ्यूजर मिळून हजारेक वॅट त्याच्या इन्व्हर्टरवर येतात. तो आउटपुट तोडतो. एसएमपीएस पूर्ण लोडवर पंधरासोळा मिलिसेकंदच तग धरतो, म्हणून यूपीएसची साधी अदलाबदल त्याला जाणवत नाही, पण आउटपुट तुटले की मशीन बसलेच.

प्रिंटर यूपीएसवरून काढा. फक्त सर्ज संरक्षण देणाऱ्या सॉकेटवरही नको, सरळ भिंतीत, शक्यतो दुसऱ्या सर्किटवर. बॅटरीही तपासा. १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची सीलबंद बॅटरी तीन ते पाच वर्षांत थकते. चार्ज होताना १३.५ ते १३.८ दाखवेल, ते काहीच सांगत नाही. संगणक बंद ठेवून ६० वॅटचा जुना तारेचा बल्ब यूपीएसवर लावा, यूपीएसचा भिंतीतला प्लग काढा आणि दहा मिनिटे घड्याळ लावा. त्याआधी गळपटली तर बदला.

शांतघर

यूपीएस मोठा घेतला तर वायरीचे काम टाळता येईल का?

तांब्याचीतार

नाही. मोठा यूपीएस लक्षण झाकेल आणि ते ५६ वॅट भिंतीत तसेच जळत राहतील. उलट बूस्टवर असताना यूपीएस भिंतीतून जास्त करंट ओढतो, म्हणजे जोड आणखी तापतो.

दशांश

@रोहित्र, जोड दुरुस्त झाल्यावर तोच हीटर, तोच सॉकेट, तीच दोन रीडिंग पुन्हा घ्या. या सॉकेटवर एकूण पडझड सातआठ व्होल्ट यायला हवी: चार बाहेरचे, साडेतीनच्या आसपास वायरीचे. दहाच्या वर आली तर एखादा जोड अजून राहिला आहे.

रोहित्र

प्रिंटर दुसऱ्या सर्किटवर हलवला, 'टक्-गुर्र' थांबले. हा सॉकेट बंद ठेवला आहे. वायरमन येईपर्यंत संगणक बोर्डाजवळच्या सॉकेटवर चालेल. जोड उघडल्यावर कोणत्या जागी काय निघाले ते आणि दोन्ही रीडिंग इथेच लिहितो.